जांभळाचे स्क्वॅश : रंग टिकवा, रस टिकवा
(शिवाजी पेठ, कोल्हापूर येथे शेतकरी बंधू-भगिनींपुढे दिलेले भाषण)



राधानगरी, आजरा, शाहूवाडीकडे जांभूळ पिकते ते नेमके पावसाच्या तोंडावर. फळ नाजूक, साल पातळ. आज तोडलेले फळ उद्या मऊ पडते आणि परवा टाकावे लागते. पाटीतला माल संपवण्यासाठी मग मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. याच फळाचे स्क्वॅश केले तर ते सहा-आठ महिने टिकते. मात्र अनेक घरांत पहिल्याच वर्षी रंग उडतो किंवा बाटल्या फसफसतात. तसे होऊ नये म्हणून काय करावे, ते आज पाहू.

पूर्ण पिकलेली, घट्ट फळे निवडून स्वच्छ धुवावीत. हाताने कुस्करावीत, बिया फुटू देऊ नयेत. जांभळाचा रंग मुख्यतः सालीत असतो. म्हणून सालीसकट गर स्टीलच्या पातेल्यात ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करावा. वाफा निघू लागल्या की पुरे, उकळी आणू नये. नंतर मलमलच्या कापडातून गाळावे. साधारण दोन किलो फळांपासून एक किलो रस मिळतो. लोखंडी किंवा तांब्याचे भांडे वापरू नये. त्याने रस काळपट पडतो.

आता प्रमाण ध्यानात ठेवा :
रस – १ किलो
साखर – १ किलो ६५० ग्रॅम
पाणी – १ किलो ३०० ग्रॅम
सायट्रिक आम्ल – ४० ग्रॅम
सोडियम बेंझोएट – २.५ ग्रॅम

साखर, पाणी व आम्ल एकत्र उकळून पाक करावा, गाळावा आणि थंड झाल्यावर त्यात रस मिसळावा. सोडियम बेंझोएट थोड्या कोमट पाण्यात विरघळवून शेवटी घालावे व चांगले ढवळावे. काचेच्या बाटल्या पाण्यात अर्धा तास उकळून, पूर्ण कोरड्या करून भराव्यात. वर एक इंच जागा सोडून घट्ट झाकण लावावे. ७०० मिलीच्या चार बाटल्या भरून थोडे स्क्वॅश उरते. पिताना एक भाग स्क्वॅशला तीन भाग थंड पाणी घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट परिरक्षकाची. पेरू, अननस, लिंबू, नासपती अशा फिक्या रसांना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, चालते. जांभूळ, करवंद, कोकम यांना ते घालू नये. त्यातून निघणारा वायू जांभळा-लाल रंग फिका करतो. गडद रसांना सोडियम बेंझोएटच वापरावे. ते आम्लातच नीट काम करते, म्हणून सायट्रिक आम्ल कमी करू नये. "थोडे जास्त घातले तर जास्त टिकेल" हा विचार घातक आहे. कायद्याने मर्यादा ठरवलेली आहे. अडीच ग्रॅम चमच्याने मोजता येत नाहीत. गुजरीतल्या सोनाराच्या काट्यावर मोजून पुड्या बांधून ठेवाव्यात.

बाटली उघडताना फेस आला, झाकण उचलले गेले किंवा आंबूस वास आला, तर ते स्क्वॅश फेकून द्यावे. पुन्हा उकळून विकू नये.

विक्री करायची असेल तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्या. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस हवा, हा नियम पाळा. वरचे प्रमाण त्यात बसते.

शेवटी एक विनंती. जांभूळ मधुमेहाला चांगले, असे लोक म्हणतात. म्हणून काही जण बाटलीवर तसे छापतात. आपल्या एका पेल्यात सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर जाते. औषध समजून एखाद्या मधुमेही माणसाने ते रोज घेतले, तर त्याचे काय होईल? तेव्हा लेबलवर साखरेचे प्रमाण, तयार केल्याची तारीख आणि आपले नाव-पत्ता स्पष्ट लिहा. चव, रंग आणि खरेपणा यांवर गिऱ्हाईक पुढच्या जांभळाच्या हंगामातही तुमच्याकडे येईल.