मागोव्याची जागा



टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८५ साली बंगळुरूत आपले केंद्र उघडले. पुढे चिपांची आखणी हा या शहराचा एक मोठा व्यवसाय झाला. या व्यवसायाच्या पाचवीलाच एक अडचण पुजलेली आहे. नवी चिप हाती पडण्यापूर्वीच तिच्यावर चालावयाच्या आज्ञावल्या लिहून, तपासून ठेवाव्या लागतात. जे यंत्र अद्याप जन्मालाच आले नाही, त्यावर परीक्षा घ्यावयाची कशी? तेथे एम्युलेटर उपयोगी पडतो. एका संगणकावर दुसऱ्या संगणकाचे सोंग आणणारी ही आज्ञावली होय.

फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला क्यूईएमयू हा एम्युलेटर सुपरिचित आहे. परक्या यंत्राच्या आज्ञांचा एक गट उचलून तो त्याचे यजमान यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो. भाषांतर एकदा, अंमल मात्र हजारो वेळा. त्याच्या वेगाचे मर्म यात आहे.

परंतु सोंग वठले म्हणजे भागले असे नाही. कोणती आज्ञा किती वेळा चालली, स्मृतीतील कोणत्या स्थानाला हात लागला, याचा मागोवा अभ्यासकाला हवा असतो. ही सोय पूर्वी गाभ्यातच होती. कोणास वेगळी मोजणी हवी असल्यास त्याने गाभा उकलावा, त्यात आपली भर घालावी, आणि पुढची आवृत्ती निघताच तेच श्रम पुन्हा करावेत. अशा खासगी प्रतीवर निघालेले आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेने पडताळावेत तरी कसे?

डिसेंबर २०१९ मधील ४.२ या आवृत्तीत प्लगइनचा मार्ग खुला झाला. प्लगइन ही बाहेरून जोडावयाची छोटी आज्ञावली. गटाचे भाषांतर होत असताना गाभा तिला हाक देतो. ती आतील आज्ञा पाहते आणि ‘ही चालेल तेव्हा कळवा’ असे सांगून ठेवते. जे मागितले नाही, त्याचा भार भाषांतरावर पडत नाही. गाभ्याची अंतर्रचनाही तिच्यापासून झाकलेली असते. त्यामुळे आतली मांडणी बदलली तरी तिचे काम सहसा अडत नाही. २०२२ सालच्या ७.० आवृत्तीत भाषांतरित आज्ञांत गुंफलेले मागोव्याचे जुने बिंदू काढून टाकण्यात आले. उपकरणांच्या नोंदी मात्र आतच राहिल्या.

मूळ रचनेत प्लगइनला पाहण्याची मुभा होती, बदलण्याची नव्हती. मापाऱ्याचा हात पारड्याला लागला, तर वजनावर विश्वास कोण ठेवील? या संयमाची किंमतही मोजावी लागली. प्रक्रियकाची रजिस्टरे वाचण्याची सोय प्लगइनला २०२४ सालच्या ९.० आवृत्तीत मिळाली. शिवाय एक मर्यादा आहेच: येथे आज्ञांची गणती होते, खऱ्या यंत्राला लागणारा काळ त्यावरून कळत नाही.

तरीही लाभ मोठा आहे. बंगळुरूतील विद्यार्थ्याने आपले निष्कर्ष मांडताना सोबत प्लगइनची छोटी संहिता दिली, तर दूरचा परीक्षक मूळ एम्युलेटरला ती जोडून तीच मोजणी स्वतः करू शकतो. शास्त्रात शब्दावर विसंबावे लागू नये, यासाठीच हा खटाटोप.