थांबा, डॉक्टर!

अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णाच्या मोठ्या शिरेत, बहुधा मानेत, नळी घालतात. औषधं तिथूनच जातात. पण जंतूही तिथूनच रक्तात शिरू शकतात.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 2001 साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हे टाळण्यासाठी पाच कलमांची यादी केली. हात धुणं, त्वचा जंतुनाशकाने पुसणं, रुग्णावर निर्जंतुक चादर पसरणं... सगळं डॉक्टरांना पाठ असलेलंच. परिचारिकांनी महिनाभर नुसतं पाहिलं, तर एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत काही ना काही राहून जात होतं!

मग प्रशासनाने परिचारिकांना अधिकार दिला: पायरी चुकली की डॉक्टरांना थांबवा. खरी गोम इथेच आहे. चूक दिसत तर आधीही होती. बोलायची सोय नव्हती. मोठ्या डॉक्टरांना हटकायचं म्हणजे पुढची प्रत्येक ड्युटी त्यांचा राग झेलत काढायची.

अर्थात, नुसत्या परिपत्रकाने धीर येत नाही. इन्चार्ज सिस्टर "सर, चादर राहिली, ही घ्या" म्हणत चादर पुढे करते, तेव्हा वादाला जागाच उरत नाही. आणि नव्या नर्सवर डॉक्टर खेकसले, तर सिस्टर कुणाच्या बाजूने उभी राहते, हे सगळा वॉर्ड पाहत असतो.

पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी ही पद्धत उचलली. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: दीड वर्षात या संसर्गात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली होती.