संगणक घेणं एका दिवसाचं, सांभाळणं रोजचं

(वाचनालयांत काम करणाऱ्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही संगणकातला तज्ज्ञ नव्हे. आमच्या गावच्या वाचनालयात चार संगणक आले आणि दोन वर्षांत त्यातले तीन बंद पडले. ते बंद पडताना मी तिथंच बसलेला होतो, एवढीच माझी लायकी. चुकांचा अनुभव भरपूर आहे, तो तुम्हाला फुकट देतो.

संगणक आले तो दिवस आठवतो. नारळ फुटला, हार झाले, पेढे वाटले, फोटो निघाले. देणगी देणाऱ्यांनी मनापासून दिलं होतं. चूक आमची. आलेला सगळा पैसा आम्ही यंत्रांवर घातला. यूपीएसची बॅटरी किती दिवस टिकते, नेटचं बिल कोण भरणार, बिघडलं तर तालुक्याला घेऊन कोण जाणार, हे एकानंही विचारलं नाही. मीपण नाही.

पहिल्याच पावसाळ्यात एक मशीन जळालं. वायरमननं सॉकेट उघडून दाखवलं. भोकं तीन होती, पण तिसऱ्या भोकाला मागं वायरच नव्हती. म्हणजे अर्थिंग नाही. दुसरं वर्ष संपता संपता यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या. त्या साधारण दोन-तीन वर्षंच टिकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग वीज गेली की मशीन धाडकन बंद. असं होऊन होऊन दुसऱ्याची हार्ड डिस्क गेली.

तिसऱ्याची गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे. गावातली एक मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला आली. शेवटचा दिवस होता. कुठलीच साइट उघडेना, कनेक्शन सुरक्षित नाही असं यायलं. आम्ही म्हटलं, हे पण गेलं. ती संध्याकाळच्या बसनं तालुक्याला गेली, तोवर दुकान बंद झालेलं. फॉर्म राहिला. पुढच्या परीक्षेसाठी तिला वर्षभर थांबावं लागलं.

दोन महिन्यांनी दुरुस्तीवाल्या पोरानं ते मशीन बघितलं आणि हसला. कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. आपल्या मशीनची तारीखच चुकीची असली, तर ब्राउझर त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाही. सेल पन्नास रुपयांच्या आतला. आणि त्या दिवशी तर सेलचीही गरज नव्हती. हातानं तारीख दुरुस्त केली असती तर फॉर्म भरला गेला असता. हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही काही नियम केले. ते सांगतो.

पहिला, पैशाचा. शंभर रुपये आले तर सत्तरच यंत्रांवर घालायचे. तीस बॅटरी, नेट, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे. चार घेण्याऐवजी तीन घ्या, पण तिन्ही चालू ठेवा.

दुसरा, खरेदीआधीचा. आधी वायरमन, मग संगणक. आणि दुकानदाराला नुसतं 'वॉरंटी किती?' विचारू नका. आपला पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस आमच्या गावात येणार, की मशीन आम्ही आणायचं? उत्तर लेखी घ्या. शक्यतो सगळी मशीन एकाच मॉडेलची घ्या. एकाचा भाग दुसऱ्याला लावून बघता येतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि आठ जीबी रॅम असली की फॉर्म, वाचन, टायपिंग, सगळं होतं. मात्र सगळी एकाच वर्षी घेऊ नका. एकदम घेतलेली एकदम म्हातारी होतात.

तिसरा, जुन्यांचा. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून भंगारात घालू नका. लिनक्स घाला. फुकट आहे, आणि वाचनालयाच्या कामाला पुरतं. आमची दोन तशीच उठवली.

चौथा, वहीचा. प्रत्येक मशीनला वहीत एक पान. कधी घेतलं, बॅटरी कधी बदलली, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं. कार्यकर्ते बदलतात, वही राहते.

पाचवा, आपल्या भाषेचा. आमची पुस्तकांची यादी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. नव्या मशीनवर उघडली तर नुसती खिचडी. आता जे टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा आणि यादीची एक प्रत वाचनालयाबाहेर ठेवा. कीबोर्ड इनस्क्रिप्ट शिका. त्यात इंग्रजी 'के'च्या बटणावर मराठीचा 'क' आहे आणि कन्नडचाही 'क' तिथंच आहे. एकदा बोटं बसली की दोन्ही लिपी टाइप होतात. इकडचा फॉर्म कन्नडमध्ये, तिकडचा मराठीत; आपल्याइतका याचा उपयोग दुसऱ्या कुणाला?

सहावा, विश्वासाचा. संध्याकाळी बंद करताना डाउनलोडचं फोल्डर रिकामं करा. लोकांची आधार कार्डं, मार्कशीट तिथं पडून असतात. लोक आपल्या भरवशावर कागद उघडतात.

आणि एक. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. घरपट्टीची पावती एकदा काढून बघा. सरकारी ग्रंथालयात संगणक किती, चालू किती, दुरुस्तीला पैसे किती, हे विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. नम्रपणे विचारा, पण लेखी विचारा.

ती मुलगी आता आमच्याकडं शनिवारी येते. वही तीच सांभाळते. आल्या आल्या पहिल्यांदा प्रत्येक मशीनची तारीख बघते. मी कधी सांगितलं नाही तिला.

तुम्ही आज गावाकडं गेलात की एवढंच करा. वाचनालयात जाऊन तिसऱ्या भोकात वायर आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. बाकीचं तिथून सुरू होतं.