स्वसंरक्षणासाठी कोणतं बोअर?

शस्त्र परवाना हातात पडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, बोअर कोणतं घेऊ?" विचारणाऱ्यांत मळ्यातल्या वस्तीवर राहणारे बागायतदार असतात, सराफ असतात, रोकड घेऊन रात्री घरी जाणारे पंपमालक असतात. बोअर जेवढं मोठं तेवढं संरक्षण मोठं, असं गणित त्यांच्या मनात पक्कं असतं. आज ते तपासून पाहू.

या प्रश्नाचं निम्मं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलेलं आहे. 9 मिलिमीटर, .38, .455 ही लष्कर-पोलिसांची बोअर सर्वसामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात तो परवाना अनिषिद्ध बोअरचा, म्हणजे दुकानदार ज्याला 'एनपीबी' म्हणतात त्याचा. त्यात नागरिकांच्या हाती सर्वांत जास्त दिसतं ते .32, आपलं 'बत्तीस बोअर'. कानपूरच्या सरकारी कारखान्यांची रिव्हॉल्व्हरं याच बोअरची. 'अशनी' हे पिस्तूलही याच बोअरचं.

मग लगेच दुसरी शंका येते. बत्तीसनं माणूस थांबतो का? खरं सांगायचं तर बत्तीस दुबळंच आहे. रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसची गोळी साधारण 6 ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला 200 मीटरच्या थोडा वर. 9 मिलिमीटरची गोळी साडेसात ग्रॅमच्या आसपास, वेग साडेतीनशे मीटर. ऊर्जेचा हिशेब मांडला तर तिपटीचा फरक पडतो. पण म्हणून मोठ्या बोअरनं सगळे प्रश्न सुटतात का? अमेरिकेत हा प्रयोग फार महागात करून झाला आहे.

11 एप्रिल 1986 रोजी मायामीजवळ एफबीआय या तपास यंत्रणेच्या लोकांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी गाठ पडली. सुरुवातीलाच एका दरोडेखोराच्या दंडातून 9 मिलिमीटरची गोळी छातीत शिरली आणि हृदयापासून अगदी थोड्या अंतरावर थांबली. जखम जीवघेणी होती. तरीही तो माणूस लढत राहिला. एफबीआयचे दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. दोष गोळीवर आला. आधी 10 मिलिमीटरचं जोरकस काडतूस आणलं, पण त्याचा धक्का अनेकांना पेलेना. मग त्याचा जोर कमी केला. त्यातून 1990 मध्ये .40 बोअर जन्माला आलं. एवढं सगळं करून 2016 मध्ये एफबीआयनं नव्या पिस्तुलांचं कंत्राट दिलं ते 9 मिलिमीटरचंच! मधल्या काळात गोळ्यांची बनावट सुधारली होती. शिवाय कमी धक्क्याच्या शस्त्रानं माणसं लवकर आणि अचूक नेम साधतात, हेही दिसून आलं होतं.

गोळी लागताच माणूस उडून पडतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात हृदय निकामी झालं तरी मेंदूला दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. गोळी कुठं लागली आणि किती खोल गेली, यावर सगळं ठरतं. मोठ्या बोअरची चुकलेली गोळी कुणालाही थांबवत नाही.

आता दुकानात काय पाहायचं? बत्तीस दोन प्रकारचं असतं, हे आधी लक्षात घ्या. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाशी ठळक कडा असलेलं. पिस्तुलाचं आखूड आणि दाबाला जास्त. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या घरात बसतंसुद्धा. बसलं म्हणून चालवू नका. परवान्यावर आणि शस्त्रावर जे लिहिलं आहे तेच काडतूस घ्या.

नंतर शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करा आणि मगच हातात घ्या. मूठ अशी धरा की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकलं पाहिजे. दुकानदाराची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला धरून, चाप सावकाश ओढा आणि नजर नळीच्या टोकावरच्या साईटवर ठेवा. ओढताना ती थरथरली, खाली गेली, तर ते शस्त्र तुमच्या हाताचं नाही. घोडा न चढवता रिव्हॉल्व्हर चालवायचं तर चाप बराच जड लागतो. साठी उलटलेल्यांनी आणि संधिवाताचा त्रास असलेल्यांनी हे आवर्जून पाहावं. पिस्तुलाचा चाप हलका, पण त्याची स्लाईड मागं खेचायला मनगटात जोर हवा, आणि काडतूस अडकलं तर ते सोडवण्याची सवय हवी. नवख्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सुचवतो. आणखी एक, हलकं शस्त्र खिशाला बरं, हाताला नाही. 2014 मध्ये आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर जेमतेम 500 ग्रॅमचं आहे. तेच काडतूस जड रिव्हॉल्व्हरमधून उडवलं तर हाताला धक्का कमी बसतो.

घराचाही विचार करा. प्लायवूडचं पार्टिशन किंवा साधं दार बत्तीसची गोळी सहज भेदते. पलीकडच्या खोलीत मुलं झोपतात का? शेजाऱ्याचा पलंग कुठल्या भिंतीला लागून आहे? आणि कायदा. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 खासगी बचावाचा हक्क देतात, पण 37 वं कलम स्पष्ट सांगतं की बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनाही शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास ठेवला आहे.

राहिला सराव. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याआधी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पण ती फक्त ओळख झाली. जिल्ह्याच्या रायफल क्लबात नियमानं जात राहा. वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेली काडतुसं तिथं सरावात संपवा आणि घरी ताजी ठेवा. मधल्या दिवसांत घरी सराव करायचा तर खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलूपबंद करा. रिव्हॉल्व्हरच्या चक्रातलं एकेक घर बोटानं चाचपून पाहा, मग सरावाची खोटी काडतुसं भरा. नळीच्या टोकाशी एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पाडता चाप ओढायला शिका. सुरुवातीला ते पडेलच.