तेंदूची छाटणी केव्हा?



बिडीच्या मजुरीवर आम्ही पुष्कळ बोलत आलो. आज पानावर बोलतो. साकोली-लाखनीकडच्या जंगलात तेंदूची झुडपे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जमिनीलगत छाटतात. हीच खुटकटाई. मुळाशी साठलेला जोर मग नव्या धुमाऱ्यांत जातो आणि सुमारे ४५ दिवसांनी मोठे, लवचीक पान हाती येते. छाटणी लवकर झाली, तर तोडणीपर्यंत पान राठ होते, बिडी वळताना फाटते. उशीर झाला, तर कोवळ्या पानावरच वळवाचा पाऊस नि गारा पडतात. आपल्याकडे पुडा ७० पानांचा. भोके पडलेली पाने फळीवर बाजूला काढली, की बाईची पहाटेपासूनची मेहनत वाया जाते.

१९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या नियंत्रणाखाली आला. परंतु झुडूप काही लिलावाची वाट पाहत नाही! लिलाव लांबला, की खुटकटाई राहते. मग कुणीतरी काडी ओढतो. जळलेल्या तेंदूलाही फूट येते, हे खरे. पण त्यात मोहाची रोपे, पालापाचोळा, सारेच जाते. आगीला मजुरी द्यावी लागत नाही, एवढाच तिचा गुण.

२००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानावर गावाचा हक्क मान्य केला आहे. म्हणून ग्रामसभांनी तारीख स्वतः ठरवावी. जेथे लिलाव होतात, तेथे ते जानेवारीतच उरकावेत आणि खुटकटाईची मजुरी तोडणीच्या दरात न मिसळता दर आठवड्याला वेगळी चुकती व्हावी, ही आमची मागणी आहे.