वाव्हिलोव्ह यांचे स्मरण

दिवंगत शास्त्रज्ञासाठी त्याचे सहकारी शोकसभा भरवितात. निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या वाट्याला तीही आली नाही. पिकांची उगमस्थाने शोधणाऱ्या या वनस्पतिशास्त्रज्ञास स्टालिनच्या राजवटीने १९४० साली अटक केली; १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. हे समाजवादाच्या नावाने घडले, आणि ते समाजवाद्यांच्याच व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. त्यांनी देशोदेशींहून जमविलेले बियाणे वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांनी राखले. कित्येकजण उपासमारीने मेले, भातसंग्रहाचे इव्हानोव्ह तर भाताच्या साठ्यापाशीच. दाण्याला कोणी हात लावला नाही. याहून मोठी श्रद्धांजली कोणती? १९५५ साली वाव्हिलोव्ह निर्दोष ठरले. परंतु त्यांचा वैरी लायसेंको १९६५ पर्यंत अधिकारपदी होता. संस्थेला वाव्हिलोव्ह यांचे नाव मिळाले ते त्यानंतर.