बोलणारी नोट

मेळघाटातील चिखलदऱ्याच्या ज्या धुक्यात डोळस माणसालाही समोरची वाट दिसेनाशी होते, तेथे दृष्टिहीन विक्रेत्याच्या हाती प्रवाशाने नोट ठेवली, तर ती शंभराची की पाचशेची, हे त्याने कोणाच्या इमानावर ठरवावे? या अडचणीची दखल घेऊन रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मनी’ नावाचे ॲप जारी केले. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरताच ते तिचे मूल्य उच्चारते, ऐकू न येणाऱ्यास कंपनाने कळविते, आणि मेळघाटासारख्या मुलखात विशेष मोलाचे हे, की एकदा फोनवर घेतल्यावर त्यास इंटरनेट लागत नाही. नोट खरी की खोटी, याचा निवाडा मात्र ते करीत नाही.

इतर ॲपांची अवस्था इतकी समाधानकारक नाही. बटणास नाव दिलेले नसले, तर पडदा वाचणारी यंत्रणा नुसते ‘बटण’ म्हणून गप्प बसते. आणि खातेदाराची ओळख पटविताना पापणी लवविण्याचा हुकूम सुटतो, जणू डोळे सर्वांच्याच स्वाधीन असतात! वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची सुगमता संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातच अंतर्भूत ठरविली आहे.

‘मनी’ विनामूल्य आहे. ओळखीच्या दृष्टिहीन बांधवाच्या फोनवर ते आजच घालून द्यावे.